कॅमकॉर्डरच्या कॅसेटची डीव्हीडी करताना या चुका टाळा

लग्न, मुंज, बारसं असं काय काय असलेल्या मिनी-डीव्ही कॅसेट माळ्यावरून खाली आल्या की बहुतेकांच्या डोक्यात आधी डीव्हीडीचा मेनू आणि मागे लावायचं सनईचं म्युझिक येतं. त्याला घाई नाही. डीव्हीडी बिघडली तर दुसरी करता येते. कॅसेट मात्र दर पावसाळ्यागणिक खराब होत असते आणि ती चालवणारा कॅमेरा किती दिवस साथ देईल याचा भरवसा नसतो. म्हणून सगळी काळजी घ्यायची ती कॅप्चर करताना, म्हणजे कॅसेटवरचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवताना.

यूएसबी केबलच्या नादी लागणं

घोडं पेंड खातं ते इथेच. मिनी-डीव्ही कॅमेऱ्याला यूएसबीचं पोर्ट असतं, केबलही सापडते, पण जोडल्यावर बहुतेक मॉडेलमधून फक्त मेमरी कार्डावरचे फोटो येतात. काहींमधून व्हिडिओ येतो, पण वेबकॅमच्या दर्जाचा. खरं चित्र येतं ते शेजारच्या छोट्या ४ पिनांच्या पोर्टातून. त्यावर 'डीव्ही' किंवा सोनीच्या कॅमेऱ्यावर 'आय-लिंक' असं लिहिलेलं असतं. हेच फायरवायर.

मग लोक ऑनलाइन शोधतात आणि एका टोकाला फायरवायर, दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी स्वस्त केबल मागवतात. ती घेऊ नका. दोन्हींची डेटा पाठवायची पद्धतच वेगळी आहे, नुसत्या तारा जोडून कॉम्प्युटरला कॅमेरा दिसत नाही. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्स्प्रेस फायरवायर कार्ड बसवा. लॅपटॉपच असेल तर फायरवायर पोर्ट असलेला एखादा जुना लॅपटॉप कुणाकडून तरी उसना मागून आणा. नव्या मशीनला अडॅप्टरची माळ लावत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं.

पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी यूएसबी डोंगलला लावूनही चित्र येतं, नाही असं नाही. पण कॅसेटवर मुळात डिजिटल असलेलं चित्र त्यात आधी ॲनालॉग होतं आणि मग पुन्हा डिजिटल. फायरवायरने कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो. हाय-८ किंवा व्हिडिओ-८ कॅसेट असतील तर गोष्ट वेगळी, त्या मुळातच ॲनालॉग. तिथेही पिवळ्या वायरीऐवजी एस-व्हिडिओची वायर वापरा. जुन्या हाय-८ कॅसेट वाजवणारा डिजिटल-८ कॅमेरा मिळाला तर फारच उत्तम, कारण मग त्याही फायरवायरने घेता येतात.

आणि हो, केबल जोडताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. कॉम्प्युटरकडच्या ६ पिनी पोर्टात वीज असते. प्लग उलटा रेटला तर पोर्ट कायमचं जातं.

कॅसेट थेट आत सरकवणं

कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या कॅसेटवर पांढरी बुरशी धरते. खिडकीतून आतली टेप उजेडात बघा. पांढरे ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही जाते. ओलाव्याची सूचना आली तर कॅमेरा कोरड्या जागी तासभर उघडा ठेवा, हेअर ड्रायर मारू नका.

कॅसेटच्या कडेची खिटी 'सेव्ह'कडे सरकवा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर मुंजीवर आपल्याच घरातली भिंत उमटेल. मग कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेली टेप सुटते. बॅटरीवर काम करू नका, चार्जर लावा, आणि कॅमेरा प्लेच्या मोडवर ठेवा.

चित्रात चौकोनी ठोकळे दिसले तर आधी क्लीनिंग कॅसेट काही सेकंद चालवा. तरीही जात नसतील तर ज्या कॅमेऱ्यात शूटिंग झालं तोच शोधा. एलपी मोडवर, म्हणजे टेप हळू फिरवून जास्त वेळ भरलेल्या कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा नीट चालत नाहीत.

हार्ड डिस्कचा अंदाज चुकणं

एका तासाच्या डीव्ही फुटेजला सुमारे १३ जीबी लागतात, आणि तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो. 'कॅप्चर वीस मिनिटांच्या आत थांबतं' ही तक्रार असेल तर डिस्क फॅट-३२ फॉरमॅटची आहे असं समजा. तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. ती एनटीएफएस फॉरमॅटची करा, अर्थात आधी डिस्क रिकामी करून. कॅप्चर होताना मधल्या फ्रेम गळत असतील तर अँटिव्हायरसचं स्कॅन आणि बाकीचे प्रोग्रॅम बंद करा.

डीव्हीडी बनवताना

आपल्याकडचा कॅमेरा पाल पद्धतीचा, म्हणजे ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली कॅसेट एनटीएससी असते, ७२० बाय ४८०. दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये कोंबू नका, हालचाल अडखळते. तिची डिस्क वेगळी करा.

टीव्हीवर हलणाऱ्या माणसांच्या कडा थरथरत असतील तर फील्डचा, म्हणजे एक आड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांचा, क्रम उलटा लागलाय. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं, सॉफ्टवेअरमध्ये तेच निवडा. कॉम्प्युटरवर आडव्या रेषा दिसतात म्हणून डीइंटरलेस करण्याचा, म्हणजे दोन्ही फील्ड एकत्र करून टाकण्याचा, मोहही टाळा. टीव्हीसाठीच्या डीव्हीडीला त्याची गरज नाही.

४.७ जीबीच्या डिस्कवर एक तास छान बसतो, दीड तास चालतो. तीन तासांचं लग्न एकाच डिस्कवर ठासलं तर अक्षतांच्या वेळी नुसता लगदा दिसतो. दोन डिस्क करा. आवाज ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. कॅमेऱ्यात आवाजाचं सेटिंग १२ बिटवर असेल तर कॅसेटवर तो ३२ किलोहर्ट्झचा असतो, तो बदलून घ्यावा लागतो.

बर्न करताना सर्वात जास्त वेग निवडू नका, आणि डिस्क फायनलाइज करायला, म्हणजे शेवटी ती बंद करायला, विसरू नका, नाहीतर घरचा प्लेअर ती ओळखणार नाही. डिस्क चालली की १३ जीबीची मूळ फाईल उडवायची चूकही बरेच जण करतात. डीव्हीडीवरचं चित्र एमपीईजी-२ मध्ये बरंच दाबलेलं असतं. उद्या पेन ड्राइव्हसाठी नवी फाईल हवी झाली तर ती त्या मूळ डीव्ही फाईलवरूनच काढायची.