छापील अंक काढताय? या चुका टाळा

कला, फॅशन आणि शहरी जगण्यावरची छोटी, स्वतंत्र नियतकालिकं काढणारी बरीच मंडळी छपाईच्या आदल्या आठवड्यात पीडीएफ घेऊन माझ्याकडे येतात. "एकदा फक्त नजर टाक ना," एवढंच म्हणणं असतं. नजर टाकली की त्याच त्या चुका दिसतात. मजकूर चांगला असतो, फोटो जीव ओतून काढलेले असतात आणि तरी छापून आलेला अंक उघडल्यावर काढणाऱ्याचा चेहरा पडतो. प्रत्येकाला वेगवेगळं सांगून दमले, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवते.

डमी न करता थेट छपाईला जाणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. स्क्रीनवर दोन पानं शेजारी शेजारी सपाट दिसतात. छापलेल्या अंकात मध्ये एक दरी असते आणि अंक जितका जाड तितकी ती खोल.

एका मैत्रिणीचा पहिला अंक होता. ११२ पृष्ठं, परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पानं कण्याला गोंदाने चिकटवलेली. मुख्य फॅशन स्टोरीचा सगळ्यात देखणा फोटो तिने दोन पानांवर पसरून लावला होता आणि मॉडेलचा चेहरा बरोबर मधोमध होता. पीडीएफमध्ये तो पाहताना मीही थबकले होते. पण चेहरा सरकव म्हणून सांगितलं. "लेआउट बिघडेल," ती म्हणाली. डमी, म्हणजे अंकाचा बांधलेला नमुना, करू म्हटलं, तर वेळ नव्हता. अंक आला तेव्हा नाक आणि एका डोळ्याचा अर्धा भाग बाइंडिंगमध्ये गडप झाला होता. फोटोग्राफरने चेहरा नीट दिसावा म्हणून अंक दोन्ही तळव्यांनी दाबून उघडला. कणा कडकन वाजला आणि ते पान त्याच्या हातात आलं. तो काही बोलला नाही. पान परत आत सरकवून त्याने अंक मिटला. मैत्रीण तिथेच उभी होती.

माझी सवय अशी: ज्या कागदावर छापायचं त्याच कागदाची, तेवढ्याच पृष्ठांची कोरी डमी छापखान्याकडून बांधून घ्यायची. मागितली की बहुतेक मुद्रक देतात. मग घरच्या प्रिंटरवर पानं काढून ती त्या डमीत चिकटवायची आणि अंक मांडीवर घेऊन वाचायचा. पानांवर पसरणारा फोटो असेल तर चेहरा, हात आणि अक्षरं घडीपासून दोन्हीकडे किमान १० मिमी लांब ठेवते. मजकुराचा आतला समास परफेक्ट बाइंडिंगला १८ ते २० मिमीपेक्षा कमी करत नाही.

कण्याची जाडीही डमीवरच मोजते. १२० जीएसएमच्या (चौरस मीटरला १२० ग्रॅम) अनकोटेड, म्हणजे गुळगुळीत लेप नसलेल्या, कागदाचं एक पान साधारण ०.१५ मिमी भरतं. ११२ पृष्ठं म्हणजे ५६ पानं, म्हणून आतला गठ्ठा साडेआठ मिमीच्या आसपास. पण त्याच जीएसएमचा दुसरा कागद यापेक्षा जाड किंवा पातळ निघू शकतो, त्यामुळे अंदाजाने कणा आखला तर त्यावरचं नाव मुखपृष्ठावर सरकतं. अंक उघडल्यावर पानं हट्टाने मिटत असतील, तर कागदाची ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, बहुधा कण्याला आडवी लागली आहे. ग्रेन कण्याला समांतरच हवी, आणि हे कागद कापण्याआधी विचारायचं असतं.

मधोमध पिना मारलेला अंक सपाट उघडतो, पण त्याचंही एक दुखणं आहे. आतली पानं बाहेरच्या पानांपेक्षा पुढे येतात आणि कटिंगमध्ये तेवढी छाटली जातात. पृष्ठक्रमांक कडेला चिकटवून ठेवले असतील तर मधल्या पानांवरचे उडतात. पिनांच्या अंकाची पृष्ठसंख्या ४ च्या पटीत लागते. जाड अंकाची १६ पृष्ठांच्या फर्म्यात (एकत्र छापून घडी घातलेल्या तक्त्यात) बसवली तर कागद वाया जात नाही. ५८ पृष्ठं झाली म्हणून दोन कोरी पृष्ठं आयत्या वेळी जोडणारे पाहिले की वाईट वाटतं. ती दोन पृष्ठं आधी माहीत असती तर त्यांवर एक चांगलं चित्र मावलं असतं.

काळे कपडे, खरखरीत कागद आणि घाई

ही चूक माझ्या स्वतःच्या अंकात झाली. आम्हाला अनकोटेड कागद हवा होता. हाताला उबदार लागतो, फोटोवर चकाकी येत नाही. मला तो आजही आवडतो. पण त्या अंकाची फॅशन स्टोरी पूर्ण काळी होती: काळं मखमल, काळी लोकर, मागे काळी भिंत. स्क्रीनवर कापडाची एकेक चुणी दिसत होती. छापून आलं तेव्हा काळ्या डागात एक चेहरा आणि दोन हात तरंगत होते.

कारण साधं आहे. अनकोटेड कागद शाई पितो आणि प्रत्येक ठिपका पसरतो. फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर ७० च्या आसपास दिसतो. त्यामुळे गडद छटांमधले बारीक फरक एकमेकांत मिसळून जातात. शिवाय चारही शायांच्या (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) टक्क्यांची बेरीज ३५० टक्क्यांवर गेली होती, जी हा कागद पेलू शकत नाही. अशा कागदाला बेरीज साधारण २६० ते ३०० च्या मध्ये लागते. नेमका आकडा मुद्रकालाच विचारायचा.

त्यावर आम्ही घाई केली. प्रकाशनाचा दिवस जाहीर केला होता. मुद्रकाने सांगितलं, "दोन दिवस कागद पडून राहू द्या, शाई ओली आहे." मी ऐकलं नाही, दुसऱ्याच दिवशी बाइंडिंगला लावलं. काळ्या पानांसमोर एका चित्रकर्तीची मुलाखत होती, पांढऱ्या पानावर तिची नाजूक रेखाचित्रं. त्या प्रत्येक रेखाचित्रावर समोरच्या कोटाची सावली उमटली. तिने वर्षभर केलेलं काम होतं ते. तेव्हापासून छापलेले तक्ते वाळेपर्यंत मी कुणालाही तारीख सांगत नाही. अंक हातात येण्याआधी प्रकाशनाची तारीख जाहीर करणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे, आणि दहापैकी नऊ जण ऐकत नाहीत.

आता मी मुद्रकाकडून कागदाचा कलर प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतील ते सांगणारी फाइल) मागून घेते, फोटो त्यात बदलते आणि गडद भाग डोळ्यांना जरा फिके वाटतील इतके वर उचलते. त्यातले सगळ्यात अवघड दोन फोटो त्याच कागदावर छापून, दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी पाहते. पिवळ्या बल्बखाली पाहिलेल्या प्रूफवर विश्वास ठेवू नका. आणि मोबाइलच्या स्क्रीनवर रंग मंजूर करणाऱ्यांशी तर मी वादच घालत नाही.

थोडक्यात, पण तितक्याच महत्त्वाच्या

मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा हवा, १०० टक्के. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतला, काळा चार शायांत विभागला जातो आणि एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली की ९ पॉइंटच्या अक्षरांना रंगीत कडा येतात. गडद फोटोवर बारीक पांढरा मजकूर टाकलात तर 'ध' आणि 'भ' च्या गाठी भरून जातात.

देवनागरी मजकूर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावताना त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू आहे का पाहा. नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येते आणि जोडाक्षरं तुटतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छापू नका. ए-४ पूर्ण पानाला, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कटिंगमध्ये छाटला जाणारा जादा भाग) धरून, ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) २५५१ × ३५७९ पिक्सेल लागतात.

झगमगता गुलाबी किंवा निऑन हिरवा चार शायांत येत नाही. तो हवाच असेल तर वेगळी फ्लुरोसंट शाई, म्हणजे पाचवी प्लेट.

रस्त्यावरच्या लोकांचे फोटो छापता, पण खाली ओळी लिहीत नाही, याचा मला खरंच राग येतो. १९८० साली लंडनमध्ये 'आय-डी' हे फॅशनचं नियतकालिक सुरू झालं तेव्हा तो आडव्या आकाराचा, हाताने स्टेपल केलेला अंक होता. त्यात साध्या माणसांना भिंतीसमोर उभं करून पायापासून डोक्यापर्यंत टिपलं होतं, आणि सोबत अंगावरचे कपडे कुठून आले तेही लिहिलं होतं. त्या नोंदींमुळेच ते फोटो आज त्या शहराचा इतिहास म्हणून वाचता येतात. फोटोखाली नुसतं 'स्ट्रीट स्टाइल' लिहिलंत तर वीस वर्षांनी त्यातून कुणाला काय कळणार? माणसाला विचारा, संमती घ्या, कोट आजोबांचा असेल तर तसं लिहा.

चित्र विकत घेणाऱ्याकडे ते छापायची परवानगी आपोआप येत नाही. ती चित्रकाराकडूनच घ्या, लेखी.

पानं हलवली की अनुक्रमणिका पुन्हा तपासा. शेवटचं वाचन कागदावर करा, आणि ते अंकात न लिहिलेल्या माणसाकडून करून घ्या.

अंक आले की गठ्ठ्याच्या वरचा, मधला आणि तळाचा असे तीन उघडून पानन् पान मोजा. फर्मा उलटा लागला असेल किंवा दोनदा आला असेल तर त्याच दिवशी छापखान्याला कळवा. मग दहा अंक खोक्यात घालून वर 'विकायचे नाहीत' असं लिहा. मी पहिल्या अंकाचे ठेवले नव्हते. आज माझ्याकडे त्याची एकच प्रत आहे, आणि तिचा कोपरा दुमडलेला आहे.