हार्डटेल जोडा, पण फोर्कची नळी शेवटी कापा

हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन सायकल) जोडायला घेतली की इंदुरात पहिला सल्ला वजनाचा मिळतो: अमकी फ्रेम दोनशे ग्रॅमनं हलकी, तमका क्रँक कार्बनचा. सायकल महूच्या पुढे पातालपाणीच्या पठारावर, जानापावच्या चढावर किंवा चोरलकडच्या कच्च्या वाटांवर जाणार असेल तर हे दोनशे ग्रॅम विसरा. पाऊस झाल्यावर शेताच्या बांधावरून एकदा गेलात की माळव्याची काळी माती त्याच्या कितीतरी पट वजन टायरवर चढवते. पैसे फोर्क (पुढचं चाक धरणारा, दबणारा काटा), ब्रेक आणि टायरवर घाला. फ्रेम आकडे बघून घ्या.

फ्रेमचे आकडे

हेड अँगल (फ्रेमच्या पुढच्या नळीचा, म्हणजे हेड ट्यूबचा, जमिनीशी कोन) ६४ ते ६६ अंश, सीट ट्यूब अँगल (सीटखालच्या नळीचा कोन) ७४ ते ७६, फोर्क १२० ते १४० मिमी दबणारा, चाकं २९ इंची. हार्डटेलमध्ये फक्त पुढची बाजू दबते, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचा. १३० मिमीचा फोर्क तुमच्या वजनानं ३० मिमी दबला की हेड अँगल जवळजवळ दीड अंशानं उभा होतो. कागदावर ६५ असलेली सायकल वाटेवर साडेसहासष्ट होते. ६८ अंशांची जुनी फ्रेम 'चालून जाईल' असं कुणी म्हटलं तर दगडी उतारावर त्याला आधी उतरायला सांगा.

मीडियम, लार्ज या अक्षरांवर जाऊ नका. एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या लार्जएवढा लांब निघतो. रीच बघा, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर. साडेपाच ते पावणेसहा फूट उंचीला साधारण ४३५ ते ४६० मिमी रीच, सोबत ३५ ते ५० मिमीचा आखूड स्टेम (हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणारा तुकडा) आणि ७६० ते ७८० मिमीचं हँडल. लांब स्टेम लावून लहान फ्रेम 'मोठी' करण्याचा उद्योग करू नका. वजन पुढच्या चाकावर जातं आणि उतारावर सायकल तुम्हाला हँडलवरून पुढे फेकते.

आपल्याकडचा खास प्रश्न मातीचा. काळी माती ओली झाली की फुगते आणि थरावर थर चिकटत जाते. फ्रेमवर '२.६ पर्यंत टायर चालेल' लिहिलेलं असलं तरी मागे २.३५ किंवा २.४ लावा, आणि टायर व चेनस्टे (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या नळ्या) यांच्यात दोन्ही बाजूंना निदान ८ मिमी मोकळं राहू द्या. जागा कमी असेल तर चाक आधी जड होतं, मग जाम होतं, आणि मातीतले खडे चेनस्टेचा रंग आणि मग धातूही घासतात.

बाकी मापं: हबची रुंदी आणि अ‍ॅक्सलची जाडी मागे १४८ × १२ मिमी, पुढे ११० × १५ मिमी, आट्यांचा ७३ मिमी बॉटम ब्रॅकेट (क्रँक फिरतो ती बेअरिंग), मागे यूडीएच हँगर (डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, टांगायचा प्रमाणित तुकडा). प्रेसफिट (आट्यांशिवाय नुसता दाबून बसवलेला) बॉटम ब्रॅकेट टाळा. धूळ आणि चिखल आत गेला की करकर सुरू होते आणि तिचा उगम शोधण्यात सुट्ट्या जातात. गिअर १२ स्पीडच हवेत, असा हट्ट नको. शिमानोची ११ स्पीड, ११-५१ दात्यांची कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) साध्या एचजी फ्रीहबवर (हबचा कॅसेट धरणारा भाग) बसते. त्यांच्याच १२ स्पीड १०-५१ ला मायक्रोस्प्लाइन हब लागतो, स्रॅमच्या १०-५२ ला एक्सडी. हब आधी विकत घेऊन मग कॅसेट शोधणाऱ्यांची फजिती इथेच होते.

सोपी कामं

बॉटम ब्रॅकेटला ग्रीस लावून बसवा. चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, ते डावीकडे फिरवून आवळायचे. क्रँक, कॅसेट (४० न्यूटन मीटर), चाकं, डिस्क. पुढे १८० मिमीची डिस्क, मागेही शक्यतो तीच. ब्रेकमध्ये मिनरल ऑइल की डॉट, ते लिव्हरवर वाचा. एकाच्या जागी दुसरं घातलं की सील फुगून ब्रेक बाद. चेनची लांबी डिरेलरसोबतच्या कागदाप्रमाणे घ्या, कारण कड्या मोजायची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी. ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या) आणि गिअरची केबल आत्ताच कापू नका. हँडलची उंची ठरलेली नाही, आणि ती ठरवणाऱ्या कामात लोक सर्वांत जास्त पैसे घालवतात.

फोर्कची नळी

नव्या फोर्कची स्टीअरर नळी (हेड ट्यूबमधून वर स्टेमपर्यंत जाणारी) मुद्दाम लांब ठेवलेली असते. ती एकदा जास्त कापली की जोडता येत नाही, आणि सुटी बदलताही येत नाही. क्राउन (नळी आणि पाय जोडणारा आडवा माथा), नळी आणि वरचे पाय दाबून एकत्र बसवलेले असतात. बदलायचा तो पूर्ण संच, आणि त्याची किंमत ऐकली की नवा फोर्कच बरा वाटतो. तरी दुकानात पेटी फोडल्याबरोबर नळी कापून देतात, कारण उंच नळी दिसायला वाईट. दिसू दे. कापायची घाई करणाऱ्याच्या हाती फोर्क देऊ नका.

आधी क्राउन रेस (खालची बेअरिंग टेकते ती कडी) नळीच्या बुडाशी, क्राउनवर पूर्ण टेकवा. चिरलेली रेस हातानं बसते. अखंड असेल तर योग्य मापाच्या पाइपनं ठोकावी लागते. मग खालची बेअरिंग, फ्रेम, वरची बेअरिंग, चिरलेली कॉम्प्रेशन रिंग, झाकण, स्टेमखाली ३० मिमीचे स्पेसर (नळीवरच्या चकत्या), स्टेम, आणि वर नळी जेवढी उरेल तेवढे स्पेसर. कॉम्प्रेशन रिंग विसरली तर हेडसेट (या बेअरिंगांचा संच) कितीही आवळा, ढिलाच राहतो.

आता वरचा बोल्ट कशात बसवायचा? स्टार नट (नळीत रुतून बसणारा चांदणीच्या आकाराचा नट) ठोकून दिला तर तो फक्त खाली जातो, वर येत नाही. पुढे नळी २० मिमी कापली की नटही तेवढाच आणखी खाली ठोकावा लागतो, आणि दुसऱ्यांदा ठोकताना तो हमखास तिरका होतो. म्हणून चाचणीपुरता काढता येणारा एक्स्पांडर प्लग (आत फुलून नळीला धरणारा) घाला. घेताना नळीचा आतला व्यास व्हर्नियरनं मोजा. सायकल अशीच दोन-तीन आठवडे चालवा. दर वेळी ५ मिमीचा एक स्पेसर स्टेमखालून काढून वर टाका. चढावर पुढचं चाक भरकटू लागलं तर स्टेम अजून खाली हवा. उतारावर मनगटं आणि खांदे भरून आले तर फार खाली गेला. बहुतेकांचं उत्तर १० ते २० मिमीच्या मध्ये येतं.

गणित डोक्यात असू द्या, पण त्यावर कापू नका. हेड ट्यूब ११५, हेडसेटचा खालचा भाग ३, वरचं झाकण ९, स्पेसर २०, स्टेम ४०, त्यावर ५ मिमीचा एक स्पेसर: झाले १९२. यातून ३ वजा, म्हणजे नळी १८९ मिमी. हे गणित जुना फोर्क विकत घेताना कामाचं. विकणाऱ्याला नळीची लांबी आधी विचारा. तुमच्या सायकलवर मात्र खूण सगळं जोडून, हेडसेट आवळून आणि चाकं जमिनीवर टेकवूनच करा. स्टँडवर लटकवलेल्या सायकलचा फोर्क किंचित खाली घसरलेला असला तर खूण दोन-तीन मिमी चुकते, आणि इथे सगळा खेळ तीन मिमीचा आहे.

स्टेमवरच्या ५ मिमी स्पेसरच्या माथ्याशी एक रेघ ओढा आणि तिच्यावर फुली मारा. तिच्या ३ मिमी खाली दुसरी रेघ. कापायचं दुसरीवर. फुली न मारता दोन रेघा ठेवल्या की करवत नेमकी चुकीच्या रेघेवर चालते.

नळकामवाल्याचा पाइप कटर वापरू नका. तो कड बाहेर दाबतो आणि मग स्टेम आत जात नाही. सियागंजातून इंचाला ३२ दात्यांचं हॅक्सॉ ब्लेड आणि दोन पाइप क्लॅम्प आणा. रेघेच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प आवळा आणि मधल्या फटीतून ब्लेड चालवा, काप सरळ येतो. शिकंज्यात नळीचा कापून टाकायचा भाग धरा, फोर्कचे चकचकीत पाय कधीच नाही. आत चिंधी कोंबा, म्हणजे किस खाली उतरत नाही. कापल्यावर बाहेरची कड सपाट कानशीनं आणि आतली गोल कानशीनं साफ करा. आतली धार राहिली तर स्टार नट वाकडा शिरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत स्टार नट १५ मिमी खोल. कार्बनच्या नळीत स्टार नट चालत नाही, तिथे एक्स्पांडरच कायमचा.

शेवटची चूक आवळण्यात होते. वरचा बोल्ट स्टेम धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगवर ताण देतो. स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले असताना वरचा हळूहळू आवळा, हँडल चाकाशी सरळ करा, मग बाजूचे बोल्ट आलटून पालटून, स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कला. बहुधा ५ न्यूटन मीटर. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि बोट हेडसेटच्या झाकणाच्या फटीवर ठेवा. तिथे हालचाल लागली तर पुन्हा आवळा. हालचाल फोर्कच्या वरच्या आणि खालच्या पायांच्या जोडावर लागत असेल तर बुशिंग (पायांमधली सरकती बाही) झिजलेलं आहे. हेडसेट पिळून बेअरिंग मारू नका. बोल्ट घट्ट लागतो तरी प्ले जात नाही, तर वरच्या बोल्टखालची टोपी नळीच्या माथ्याला टेकलेली असते. वर ५ मिमीचा आणखी एक स्पेसर टाका.

आता होज आणि केबल कापा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितल्यावर.

टायर आणि हवा

ट्यूबलेसच करा, बाभळीच्या काट्यांसमोर ट्यूब टिकत नाही. रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा टेप २ ते ४ मिमी रुंद. टायर साध्या पंपानं बसत नसेल तर व्हॉल्व्हचा गाभा काढा आणि पंक्चरवाल्याचा कंप्रेसर वापरा, फक्त रिमवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत थांबा. २.४ च्या टायरला १०० ते १२० मिली सीलंट. एप्रिल-मेच्या उन्हात ते लवकर आटतं. चाक काढून हलवा, आत खळखळ ऐकू आली नाही तर आणखी ५० मिली घाला. ७० किलोच्या माणसाला पुढे २१, मागे २४ पीएसआयपासून सुरुवात करा. काळ्या दगडाच्या कडेवर रिम आपटायला लागली तर मागे एक-दोन पीएसआय वाढवा.

फोर्कचा सॅग (तुमच्या वजनानं तो किती दबतो ते) पेडलवर उभं राहून मोजा, २० ते २५ टक्के. पहिल्या ५० किलोमीटरनंतर स्टेम, क्रँक आणि डिस्कचे बोल्ट पुन्हा टॉर्कला लावा. दुचाकी धुणाऱ्या सेंटरवर सायकल नेऊ नका. प्रेशरचं पाणी बेअरिंगमधलं ग्रीस काढतं. दिवाळीआधी फोर्क उतरवा आणि हेडसेटची खालची बेअरिंग बोटावर फिरवून बघा. पुढच्या चाकाची सगळी माती तिच्यावर उडते, म्हणून आधी तीच जाते. खरखर लागली तर तिच्या कडेवर कोरलेलं ३६/४५ किंवा ४५/४५ आणि तिचे व्यास टिपून घ्या, आणि त्याच आकड्यांची नवी आणा.