जलपर्णी काढताय? मग निदान या चुका तरी करू नका

दरवर्षी मार्च आला, संध्याकाळी गॅलरीत उभं राहवेनासं झालं, डासांनी फोडून काढलं की लोकांना तळं आणि त्यावर पसरलेली जलपर्णी आठवते. मग व्हॉट्सॲप ग्रुप, रविवारी सकाळी सात वाजता जमायचं, टोप्या, केळी, बॅनर. मी पुण्याच्या कडेच्या एका तळ्यावर गेली काही वर्षं हेच बघतोय. उत्साहाला माझी ना नाही, पण त्याच त्या चुका बघून आता खरंच वैताग आलाय म्हणून लिहितोय. (कोल्हापूरकडचे लोक हिला केंदाळ म्हणतात, आणि एकदा हातात घेतली की तोच शब्द जास्त पटतो.)

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काढलेली जलपर्णी काठावर ढीग करून ठेवणं. ही मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्या दुसऱ्या वर्षी चाळीसेक माणसं, दोन रविवार, दाताळी, घमेली, नायलॉनचा दोर, अक्षरशः कंबरडं मोडेपर्यंत ओढली. काठावर पुरुषभर उंचीचा ढीग झाला. ट्रॅक्टर सोमवारी येतो असं ठरलेलं. तो सोमवार आलाच नाही, मग पुढच्या आठवड्यात, मग लग्नसराई, मग ड्रायव्हर गावाला. आम्हाला वाटलं जाऊ दे, उन्हात वाळतंच आहे. वरून ढीग एकदम तपकिरी, कुरकुरीत. मे महिन्याच्या शेवटी मी सहज कोपरापर्यंत हात आत घातला तर आत ओलं आणि गरम, आणि जे उपटून बाहेर काढलं त्याच्या देठाचा फुगा टवटवीत हिरवा, मुळाशी नवीन पांढरे कोंब. तीन आठवडे काठावर पडून सुद्धा! आणि चारच दिवसांनी वळवाचा पाऊस असा झोडपला की पाणी चढलं आणि अर्धा ढीग आपापला घरी गेला. त्या दिवशी काठावर उभं राहून आम्ही फक्त बघत होतो, कोणी बोललं पण नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे, ट्रॉली समोर उभी असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. कोणी कितीही म्हणो. ट्रॉली मिळणारच नसेल तर थोडीच काढा, पण पावसाळ्यात पाणी जिथपर्यंत चढतं त्या रेघेच्या बरंच वर न्या, वीतभर जाडीचा थर पसरा, मुळं वर करून, आणि चार दिवसांनी पालथा घाला. कंटाळवाणं आहे, पण दुसरं काही नाही.

दुसरी माझी आवडती चूक, "नव्वद टक्के झालं". ड्रोनचा फोटो निघाला, पाणी चमकतंय, सगळे खूश. आणि पाणकणसाच्या बेटात, बाभळीच्या बुडख्यांमध्ये शंभरेक रोपं शिल्लक. उन्हाळ्यात, त्यात सांडपाणी येत असेल तर, ही साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे शंभराची बारा आठवड्यांत सहा हजार चारशे. एका रोपातून आडवा धागा निघतो, टोकाला नवीन रोप, त्याला परत धागा, अशी ती सतरंजी विणली जाते. शिवाय फुलं येऊन गेली असतील तर बी तळाच्या गाळात जाऊन बसलेलं असतं आणि ते पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं, पाणी आटून गाळ उघडा पडला की उगवतं. त्यामुळे मोहिमेचा दिवस मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, त्यानंतरचे शनिवार वाटतात. आम्ही दोघं जण दर दुसऱ्या शनिवारी ट्रकच्या टायरची ट्यूब, एक बादली आणि आकडा लावलेला बांबू घेऊन कोपरे फिरतो. दीड तास. याला कोणी येत नाही कारण यात फोटो चांगला येत नाही.

आणि सुरुवात मार्चमध्ये का करता? पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करा, रोपं कमी असतात, पाणी पण बरं असतं. ऐन पावसाळ्यात मात्र सरसकट ओढू नका, कमळपक्षी तरंगत्या पानांवरच अंडी घालतो.

तणनाशक फवारणीचा विषय दरवर्षी निघतोच, "एक कॅन मारला की खलास". खलास होते, बरोबर, मग बुडते, तळाशी कुजते, पाण्यातला ऑक्सिजन खाते आणि आठ दिवसांत मासे उलटे. त्या तळ्यावर मासेमारी करणाऱ्यांना विचारलंत का कधी?

गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडायचा सल्ला देणाऱ्यांनो, तो शेवाळ, हायड्रिलासारखं पाण्याखालचं तण खातो, जलपर्णीला फारसा हुंगत पण नाही. तिला खाणारे भुंगे वेगळे, मूळचे दक्षिण अमेरिकेतले, १९८० च्या दशकात बंगळुरूच्या तळ्यांत सोडले होते आणि ते लागू पडले, पण ते काम काही वर्षांचं आहे, लगेच होणार नाही.

जलपर्णीपासून बायोगॅस आणि खताची स्वप्नं बघणाऱ्यांनी आधी एक घमेलं वाळवून वजन करावं, नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ती काढायचं बिल टनावर देणाऱ्यांनी तर नक्कीच करावं.

जांभळं फूल छान दिसतं म्हणून घरच्या टाकीत नेऊ नका. ट्यूब, जाळी, गमबूट दुसऱ्या तळ्यावर न्यायच्या आधी धुऊन वाळवा.

आणि एकदा नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. आमच्या तळ्यात तिथे रोपं गुडघ्याच्या वर येतात, पानं गडद हिरवी, आणि पलीकडच्या सांडव्यापाशी तीच वीतभर, पिवळट. तिला जेवण कुठून मिळतंय ते तिथेच कळतं. सांडपाणी बंद करणं आपल्या हातात नाही हे मान्य, अर्ज देऊन आमच्या पण चपला झिजल्यात. तोवर आम्ही नाल्याच्या तोंडावर वीस लिटरचे रिकामे कॅन दोरात ओवून आडवे टाकलेत, वरून वाहत येणारी रोपं तिथेच अडकतात. या शनिवारी त्यातून तीन बादल्या निघाल्या, आणि एक चप्पल.