युरोपला अ‍ॅल्युमिनियम पाठवताय? मग कार्बन मोजायला भट्टीपासून सुरुवात करा

वसईला आमचा अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगचा गाळा आहे, थोडा माल पुण्याला जातो, थोडा जर्मनीला. तिकडच्या कस्टमरने पहिल्यांदा विचारलं की तुमच्या एक टन मालामागे कार्बन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, किती, तेव्हा आमच्याकडे गॅसचं बिल होतं, डिस्पॅचचं रजिस्टर होतं, पण दोन्हीचा मेळ कुठेच घातलेला नव्हता, सांगणार काय? तेव्हापासून जे करत आलो ते लिहितोय, कारण मुंबईच्या धातूबाजारात, कीका स्ट्रीटला, मेटल घ्यायला गेलो की हल्ली कोणी ना कोणी हेच विचारतं.

आधी एचएसएन, म्हणजे तुमच्या मालाचा बिलावरचा कोड, बघा. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर, म्हणजे सीबॅम, 1 ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती देण्यापुरता होता, 1 जानेवारी 2026 पासून पैशाचा झालाय. अ‍ॅल्युमिनियममध्ये 7601 पासून 7616 पर्यंतचे बरेचसे कोड यात येतात, भंगाराचा 7602 येत नाही. तांबं, पितळ, जस्त सध्या यादीत नाही. वर्षाला 50 टनांपर्यंत सूट आहे, पण ते 50 टन तुमच्या कस्टमरचे, त्याने सगळीकडून मागवलेलं लोखंड, अ‍ॅल्युमिनियम वगैरे धरून, त्यामुळे "आपण तर पाचच टन पाठवतो" म्हणून निवांत बसू नका, त्याला सरळ विचारून घ्या. कर तोच भरणार आहे, पण तुम्ही आकडे दिले नाहीत तर तो डिफॉल्ट, म्हणजे नियमात ठरवून दिलेले, आकडे धरतो, ते चढे असतात, आणि मग भावात घासाघीस तुमच्याशीच होते. 2026 साली कराचा भार अगदी थोडा आहे, 2034 पर्यंत तो पूर्ण होणार, म्हणजे सवय लावून घ्यायला हीच वेळ बरी.

हिशोब अवघड नाहीये. पाइप गॅसच्या एका एससीएममागे, म्हणजे घनमीटरमागे, साधारण 2 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, फरनेस ऑइलच्या एका किलोमागे 3.1 किलो. समजा महिन्याला 2400 एससीएम गॅस जळला आणि 20 टन माल निघाला, तर 4.8 टन कार्बन, म्हणजे टनामागे 0.24. हे झालं तुमच्या भट्टीचं.

खरा बोजा तुम्ही विकत घेतलेल्या इनगॉटमध्ये, म्हणजे धातूच्या लाद्यांमध्ये, असतो, आणि हे कळायला मला फार वेळ लागला. स्मेल्टरमध्ये, म्हणजे नवा धातू बनवणाऱ्या कारखान्यात, 960 डिग्रीच्या आसपास अ‍ॅल्युमिनातून (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडमधून) विजेने धातू सुटतो तेव्हा ऑक्सिजन कार्बनच्या अ‍ॅनोडला खातो, आणि टनामागे दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तिथेच निघतो. शिवाय भांड्यात अ‍ॅल्युमिना कमी पडला की पीएफसी (परफ्लुरोकार्बन) गॅस तयार होतात, ते हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी घातक. हे सगळं तुमच्या मालाच्या नावावर चढतं. वर टनाला 13 ते 15 हजार युनिट वीज लागते, अ‍ॅल्युमिनियमवरच्या सीबॅममध्ये ती सध्या धरत नाहीत, पण कस्टमर पूर्ण फुटप्रिंट मागतो तेव्हा तीच सगळ्यात जड पडते. नॉर्वे, आइसलँडचे स्मेल्टर मुख्यतः पाण्याच्या विजेवर चालतात, आपल्याकडे बहुतेक कोळशावर. म्हणून सप्लायरकडून लेखी घ्या, इनगॉट कुठल्या स्मेल्टरचा, वीज कसली, टनामागे कार्बन किती.

आणि भंगार वाढवा. भंगार वितळवायला नव्या धातूच्या जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते, शिवाय सीबॅमच्या आजच्या नियमात भंगाराचा स्वतःचा कार्बन शून्य धरतात. फक्त ग्रेड, म्हणजे मिश्रधातूचा प्रकार, सांभाळा, भंगारातून लोखंडही येतं. एडीसी12 मध्ये लोखंड जरा जास्त चालतं, एलएम6 मध्ये नाही चालत, म्हणून ड्रॉइंगवर एलएम6 असेल तर खरंच त्याची गरज आहे का हे कस्टमरच्या इंजिनिअरला एकदा विचाराच, आमच्या एका पार्टला ग्रेड बदलून चालला.

आता भट्टी. आमच्याकडे लेडल मारताना मुशीचं झाकण काढलं की ते शिफ्ट संपेपर्यंत भिंतीला टेकवलेलं असायचं. चहाच्या वेळेला समोरची भिंत नारिंगी दिसायची, ती सगळी उष्णता पैसे मोजून घेतलेली. भट्टीवरच्या मामांना आधी कटकट वाटली, मग सिरॅमिक वूलचं हलकं दोन तुकड्यांचं झाकण करून दिलं, अर्धंच सरकवून लेडल जातो, आता ते स्वतःच झाकतात. टेंपरेचरचंही तसंच, 720 ला काम होत असताना 780 ला ठेवलं की गॅस जातो आणि राखही, म्हणजे धातूवर साचणारी मळीही, वाढते, आणि राखेत गेलेला धातू म्हणजे पुन्हा तेवढा इनगॉट. रनर-रायझरकडे, म्हणजे धातू साच्यात जायच्या वाटांत उरणाऱ्या जादा धातूकडे, लक्ष द्या, 100 किलो ओतून 60 किलोच कास्टिंग मिळत असेल तर उरलेले 40 किलो तुम्ही परत परत वितळवताय, मला विचाराल तर नवीन बर्नर घ्यायच्या आधी डायचं डिझाइन बघा.

हॅम्बुर्गमध्ये तांब्याचा एक मोठा कारखाना 2018 पासून वाया जाणारी उष्णता हाफेनसिटीतल्या घरांना देतो. मुंबईच्या उकाड्यात तसलं काही लागत नाही, पण भट्टीच्या धुराड्याजवळ लोखंडी रॅक करून पुढच्या हीटचा (वितळवण्याच्या फेरीचा) इनगॉट त्यावर रचून ठेवता येतो, गॅस वाचतो आणि मालही सुकतो. सुकण्याचं मी जीव तोडून सांगतोय, पावसाळ्यात भंगार उघड्यावर असेल तर त्यातलं पाणी उडवायला गॅस जातो हे एक, पण ओला तुकडा वितळलेल्या धातूत बुडाला की स्फोट होतो, माणूस भाजतो. पत्र्याखाली ठेवा, जमिनीपासून वर ठेवा, तेलकट चूर वेगळा ठेवा.

आणि भट्टीशेजारी एक वही टांगा. प्रत्येक हीटला इनगॉट किती, भंगार किती, गॅस मीटरचं आधीचं-नंतरचं रीडिंग, राख किती, चांगला माल किती, लिहिणाऱ्याची सही. आकडे व्हेरिफायरकडून, म्हणजे मान्यताप्राप्त तपासनिसाकडून, तपासून घ्यावे लागतात, आणि तो आला की पहिल्यांदा हीच वही मागेल, म्हणून शाईने लिहा, खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहा.