लेहरा मनात धरून जॅझ कसं ऐकायचं

मी पेटीवाला. कोल्हापुरात तबल्याच्या सोलोला लेहरा धरणं हे माझं काम. लेहरा म्हणजे तबलजीला आधार म्हणून पुन्हा पुन्हा वाजवत राहायची एकच धून. पियानो, डबल बास (उभं धरून वाजवायचं खर्जातलं मोठं तंतुवाद्य) आणि ड्रम्स असं परदेशी जॅझ त्रिकूट पहिल्यांदा समोर बसून ऐकलं ते मुंबईत, एनसीपीएच्या सभागृहात. पहिला अर्धा तास मी पुरता हरवलो. तंबोरा नाही, ठरलेला सा नाही, समेवर कुणी येत नाही. कोल्हापूरच्या देवल क्लबमधल्या गाण्याच्या बैठकांत तयार झालेला कान तोकडा पडतोय याचं फार वाईट वाटलं. मग शेजारच्या वयस्क बाईंच्या हाताकडं लक्ष गेलं. ठरावीक वेळानं त्या एकेक बोट मिटत होत्या. चार मिटली की मूठ उघडायची, परत पहिलं बोट. आवर्तनच होतं ते, ठरावीक मात्रांची फिरून फिरून येणारी फेरी!

तीच रीत सांगतो. जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीवर पोसलेल्या कोल्हापूरला हे संगीत परकं वाटायचं कारण नाही.

तयारी घरीच करा. जॅझमधल्या पुष्कळ जुन्या धुना ३२ बारांच्या असतात. बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट, इथं एका बारात ४ मात्रा. पहिली ओळ ८ बारांची, पुन्हा तीच, मग वेगळी ओळ, आणि परत पहिली. मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा. म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन. मिनिटाला १२८ मात्रांची लय असेल तर बरोबर एका मिनिटाचं. दर ८ बारांनी एक बोट मिटा. अंतऱ्यात बऱ्याचदा सुरांची जमीनच बदलते, त्यामुळं तिसरं बोट कुठं ते लवकर कळतं. ब्लूज हा जॅझमधला दुसरा नेहमीचा साचा बहुधा १२ बारांचा, त्याला चार-चार बारांची तीन बोटं.

सरावाला आधी पियानोवादक ऑस्कर पीटरसनचं त्रिकूट घ्या. रे ब्राउनचा बास दर मात्रेला एक सूर टाकत चालतो, मोजायला सोपं जातं. हात बसला की बिल इव्हान्स (पियानो), स्कॉट लाफारो (बास) आणि पॉल मोशन (ड्रम्स) यांचं २५ जून १९६१ चं ध्वनिमुद्रण ऐका, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबातलं. मागं ग्लासांची किणकिणसुद्धा ऐकू येते. लाफारोचा बास नुसता पाया धरत नाही, पियानोशी बोलतो. तो तेव्हा २५ वर्षांचा होता आणि ११ दिवसांनी मोटार अपघातात गेला. हे माहीत असल्यावर मला ते कधीच सहज ऐकता आलेलं नाही.

तिकिटाचं थोडक्यात. पियानोवाल्याची बोटं बघायची तर आपल्या डाव्या हाताची जागा घ्या. मी मधली घेतो, तिथून बासवाला नीट दिसतो. आणि परतीची महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री लवकरच सुटते, तेव्हा मुक्कामाचा हिशोब करून निघा.

आता मैफलीत. सुरुवातीला तिघं मिळून धून वाजवतात. ती पक्की लक्षात ठेवा. पुढं पियानोवाला कुठंही भरारी मारो, तिचं आवर्तन चालूच असतं, फक्त उघडपणे कुणी वाजवत नाही. मी पेटीवर धरतो तो लेहरा त्या तिघांनी डोक्यात धरलेला असतो. म्हणून पियानोच्या मागं धावू नका, बास धरा. प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेचा त्याचा सूर बहुतेक वेळा आपण कुठं आहोत ते सांगतो. ठेका द्यायचा तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ड्रमरचा डावा पाय तिथंच हाय-हॅट, म्हणजे एकावर एक बसवलेल्या झांजांची जोडी, मिटतो. पहिल्या मात्रेवर मान टाकायची आपली सवय मोडायला मला दोन मैफली लागल्या.

सोलो संपला की धून चालू असतानाच टाळी देतात. 'वा' आली तर येऊ द्या. बासचा सोलो सुरू झाला की मात्र लोक कुजबुजायला लागतात, आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. पियानो जवळजवळ गप्प, ड्रमर काठ्या ठेवून तारांच्या ब्रशनं हळू वाजवणारा किंवा थांबलेला. अशा वेळी लेहरा तुम्ही धरायचा. धून मनात म्हणत बोटं मिटत राहा.

शेवटाकडं अनेकदा चार-चार बारांचे सवाल-जवाब रंगतात, एकदा पियानो, एकदा ड्रम्स. ड्रमरच्या चार बारांत आधाराला एकही सूर नसतो. तबल्यावर वाढलेला कान तिथं कामी येतो. ३२ बारांत असे आठ तुकडे बसतात. अशी एक-दोन आवर्तनं झाली की तिघं एकदम धून उचलतात. त्या पहिल्या मात्रेला मूठ उघडायची.