तिवर लावायच्या आधी पाण्याला विचारा: कांदळवन लागवडीतल्या नेहमीच्या चुका

कांदळवनाची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीची, रोपं लावतानाची आमची पहिली चूक फोटोत फार छान दिसते. गुडघाभर चिखल, कॉलेजची उत्साही मुलं, हातात रोपं, मागे खाडी. जागा सपाट, मोकळी, ओहोटीला लांबवर उघडी पडणारी. पुढच्या पावसाळ्यानंतर गेलो तर बांबूच्या काठ्या तेवढ्या उभ्या, आणि त्यांना गुंडाळलेल्या दुधाच्या पिशव्या.

लागवडीच्या दिवशीच चिंबोऱ्या (खेकडे) पकडणाऱ्या एका मावशींनी विचारलं होतं, "हितं कधी तिवर उगवलाय का रे बाबा?" आम्ही हसून पुढे गेलो. खरं तर त्या दिवशी विचारला गेलेला तो एकच शहाणा प्रश्न होता.

तिवर हे कांदळवनातलं एक झाड. त्याच्या मुळांना रोज काही तास हवा लागते, म्हणून ही झाडं भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वरच्या अर्ध्या भागात वाढतात. खालचा चिखल जास्त वेळ पाण्याखाली असतो, तिथे रोप गुदमरतं. शिवाय तो चिखल रिकामाही नसतो. निवट्यांसारखे चिखलातले मासे, खुब्यांसारखे शिंपले तिथलेच. शिवडीला किंवा ठाणे खाडीत फ्लेमिंगो माना खाली घालून चरतात तेही अशाच चिखलावर. तिथे झाडं लावणं म्हणजे एकाचं ताट काढून दुसऱ्याला पाट मांडणं.

मग लावायचं कुठे? जिथे पूर्वी कांदळवन होतं आणि आता नाही, तिथे. पण तिथेही आधी झाडं मेली कशाने ते शोधा. चिखलाला भेगा, वर मिठाची पांढरी साय आणि वाळकी खोडं दिसली तर भरतीचं पाणी पोचत नाहीये. उलट काळं पाणी साचलंय, कुजक्या अंड्यासारखा वास मारतोय आणि पेन्सिलीसारखी श्वासमुळं कायम बुडालेली आहेत, तर आलेलं पाणी बाहेर पडत नाहीये. मुंबईत बहुतेक वेळा कारण हाकेच्या अंतरावर सापडतं: राडारोड्याचा भराव, जुना बांध, नाहीतर रस्त्याखाली गाळाने बुजलेला पाइप. हे तपासायला ड्रोन लागत नाही. कोळीवाड्यातल्या एखाद्या जुन्या माणसाबरोबर उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या) भरतीला एकदा आणि भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान) भरतीला एकदा चालून या. पाणी पूर्वी कुठून शिरायचं हे तो बोट दाखवून सांगेल. आम्हाला असाच एक बुजलेला पाइप कळला. तो मोकळा झाल्यावर पुढच्या पावसाळ्यात तिवराच्या बिया पाण्याबरोबर आल्या आणि आपणहून रुजल्या. आमची नर्सरीतली रोपं पिशव्यांतच राहिली.

मात्र फावडं घेऊन स्वतः चर खणायला जाऊ नका. बरीचशी कांदळवनं राखीव वन आहेत, आणि २०१८च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. आधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज. वेळ लागतो, लागू द्या.

जातींची निवड करताना सोय आड येते. कांदळ या जातीची लांब शेंग काठीसारखी चिखलात खोचता येते, म्हणून सगळ्यांना तीच आवडते. पांढरी चिपी २०२०मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष झाली, तेव्हापासून तीही हवीच असते. पण चिपी समुद्राकडच्या कडेला रमते, आणि मुंबईच्या खारट, सांडपाण्याच्या खाड्यांत मुख्यतः तगते ती तिवरच. शेजारी जे आपणहून उगवलंय, तेच लावा. बी झाडावरून हिरवं ओरबाडू नका, पावसाळ्यात पिकून पडलेलं उचला. पाण्यात ठेवलं की साल आपसूक सुटते. पेरणी उधाण ओसरून भांग लागताना करा, म्हणजे पुढच्या उधाणाआधी मुळं धरायला चार-सहा दिवस मिळतात.

आता लोकांचं. कोळ्यांना उद्घाटनाला बोलावून नारळ फोडायला लावणं म्हणजे सहभाग नव्हे. एका ठिकाणी आम्ही होड्या काढायच्या वाटेवरच रोपांची रांग मारली होती. आठवड्यात रांग तुडवली गेली आणि "स्थानिकांचं सहकार्य नाही" असं अहवालात लिहायला आम्ही मोकळे! जाळी वाळवायची जागा, होडीची वाट, कालवं काढायचे खडक कागदावर आधी मांडा, तेही बायकांना विचारून, कारण ओहोटीला किनाऱ्यावर जास्त वावर त्यांचाच. ज्या सकाळी त्या तुमच्याबरोबर येतात त्या सकाळची चिंबोरी बुडते, रोजंदारी द्या. २०१७पासून कांदळवन राखणाऱ्या गावांसाठी खेकडा आणि कालवं पालनाची सरकारी योजना आहे, तिचे अर्ज भरायला मदत केलीत तर भाषणापेक्षा उपयोग होईल.

देखभालीचं वेळापत्रक पंचांगावर ठेवा: प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेचं उधाण उतरलं की फेरी. रोपांना अडकलेलं प्लास्टिक आणि शेवाळ सोडवायचं, खोडावर बसलेले कवचाचे बारीक जीव बोटाने हलकेच काढायचे, गुरांची वाट झाली असेल तर कुंपण दुरुस्त करायचं. आणि मोजायची ती वर्षानंतर जगलेली रोपं, आपसूक उगवलेली वेगळी. आमच्या वहीत दुसरा आकडाच मोठा आहे.