दीर्घिकेचं सिम्युलेशन करताय? या चुका टाळा

दीर्घिका कशी घडते ते कॉम्प्युटरवर बघायचं म्हणून मुलं माझ्याकडे येतात आणि दरवेळी त्याच चुका घेऊन येतात. फिरण्याचा वेग शेवटी घालू, असं सगळ्यांनाच वाटतं. अहो, गुरुत्वाला थोपवून धरणारं तेच तर आहे!

सर्वांत मोठी चूक म्हणजे सर्पिल भुजा आधीच काढून ठेवणं. एका विद्यार्थ्याने ताऱ्यांच्या जागी दहा हजार ठिपके घेऊन दोन सुरेख भुजा मांडल्या आणि प्रत्येक ठिपक्याला सेकंदाला 220 किमी वेग दिला. काही फेऱ्यांतच भुजांची जिलबी झाली. बिचारा दोन रात्री कोडमधली चूक शोधत बसला, पण कोडमध्ये चूक नव्हतीच. मी कागद ओढला. सूर्याला आकाशगंगेची एक फेरी मारायला साधारण 23 कोटी वर्षं लागतात, म्हणजे 460 कोटी वर्षांत 20 फेऱ्या. तेवढ्याच वेगाचा, निम्म्या अंतरावरचा तारा 40 मारतो. भुजा ताऱ्यांची दोरी असती तर आतापर्यंत 20 वेढे पडले असते. ती खरं तर दाटीची लाट आहे, 1964 मध्ये लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी मांडलेली. टोलनाक्यावर गाड्या बदलतात, रांग मात्र तिथेच असते, तसं. म्हणून सुरुवातीला ठिपक्यांची तबकडी सगळीकडे एकसारखी ठेवा, भुजा गुरुत्वाला उठवू द्या. वाट बघायची तयारी हवी.

दुसरी चूक: विस्कळीत ताऱ्यांचा गोळा घेऊन त्याची तबकडी व्हायची वाट बघणं. तारे एकमेकांवर आपटत नाहीत, त्यामुळे गोळा गोळाच राहतो. वायूचे ढग आपटतात, तापतात, ती उष्णता प्रकाशावाटे घालवतात. ऊर्जा जाते, कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, राहतो. मग अक्षाच्या दिशेने ढग खाली बसतो, आडवा मात्र फिरण्यामुळे तग धरतो.

केंद्रातलं कृष्णविवर सगळ्यांना धरून ठेवतं, हेही मनातून काढा. ते सुमारे 40 लाख सूर्यांचं. सूर्याच्या कक्षेच्या आतलं वस्तुमान सुमारे 9 हजार कोटी सूर्यांचं. आणि सूर्यमालेत बाहेरचे ग्रह हळू फिरतात, तसा बाहेरच्या ठिपक्यांचा वेग कमी करू नका. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांना 1970 मध्ये देवयानी दीर्घिकेत तो तसा घटताना दिसला नाही. म्हणून कृष्णपदार्थ, म्हणजे न दिसणारा पण गुरुत्व असलेला पदार्थ, घाला.

दोन ठिपके फार जवळ आले की एखादा गोफणीतल्या दगडासारखा भिरकावला जातो. अगदी जवळच्या अंतरावर बल बोथट करा.

इंटरनेटवरून उचललेला कोड थेट दहा हजार ठिपक्यांवर चालवू नका. मी आधी एकच ठिपका वर्तुळात दहा फेऱ्या फिरवते. कक्षा फुगली तर ठिपक्याची पुढची जागा काढायची ऑयलरची साधी पद्धत काढून लीपफ्रॉग ही जास्त भरवशाची पद्धत घालते आणि पुन्हा एकच ठिपका सोडते.